आधी घास, मग पैसे

हातातली कामं आटोपली असतील तर बसा, नसतील आटोपली तर हात चालू ठेवा आणि कान तेवढा इकडे द्या. आजचा विषय रोजचाच आहे. दुकानात गेल्यावर पैसे द्यायच्या आधी एखादी वस्तू तोंडात टाकावी का? शेंगदाणे घेताना दोन दाणे चाखले, द्राक्षं घेताना एक मणी खाल्ला, मॉलमध्ये लेकरू रडायला लागलं म्हणून बिस्किटाचा पुडा फोडून त्याच्या हातात दिला. यातलं काय चालतं आणि काय चालत नाही?

गटाच्या बैठकीत हा प्रश्न निघाला की लगेच दोन बाजू होतात. काही जणी म्हणतात, "चाखल्याशिवाय घ्यायचं कसं? घरी नेल्यावर कडू निघालं तर?" दुसऱ्या म्हणतात, "पैसे दिले नाहीत तोवर ते दुसऱ्याचं. दुसऱ्याचं तोंडात कसं घालायचं?" दोघींचंही म्हणणं खोटं नाही. म्हणून आम्ही ठरवलं की वाद घालण्याआधी जरा मागे जाऊन बघू, आपल्या बाजारात ही रीत आली कुठून आणि बदलत कशी गेली.

मागे गेल्यावर दिसतं ते असं. घास आधी आणि पैसे नंतर, असं झालं की त्या दोहोंच्या मध्ये थोडं अंतर पडतं. कधी ते दोन मिनिटांचं असतं, कधी महिन्याचं. त्या अंतराचा भार कोणीतरी सोसतं. कधी तो शेतकऱ्यानं सोसला, कधी खानावळ चालवणाऱ्या बाईनं, कधी दुकानदारानं. म्हणून ही गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही.

वानगी

'वानगीदाखल एक उदाहरण देतो' असं भाषणात म्हणतात, ते आपण ऐकलेलं असतं. वानगी म्हणजे नमुना. पोत्यातलं सगळं धान्य उपसून बघता येत नाही, म्हणून मूठभर काढून बघायचं, ती वानगी. पूर्वी माल सगळा सुटा असायचा. पुडा नाही, छापील वजन नाही, तारीख नाही. गिऱ्हाइकाची तपासणी म्हणजे तिचे स्वतःचे डोळे, नाक, दात आणि जीभ. ज्वारीचा दाणा दाताखाली धरला की तो नीट वाळलाय का ते कळतं. तांदूळ चावून बघायचा. गुळाचा खडा जिभेवर ठेवला की खारटपणा लपत नाही. लोणी-तुपाचा वास हातावर चोळून घ्यायचा. हे करणाऱ्या बाईला कुणी हावरी म्हणत नसे. बघून, चाखून घेते म्हणून ती शहाणी ठरायची.

कायद्यानंही ही रीत मानलेली आहे. आपल्याकडे माल विक्रीचा कायदा १९३० साली झाला आणि तो आजही लागू आहे. त्याच्या १७व्या कलमात नमुना दाखवून केलेल्या विक्रीबद्दल सांगितलं आहे. नमुना दाखवून सौदा ठरला असेल, तर बाकीचा मालही त्या नमुन्यासारखाच असला पाहिजे, आणि घेणाऱ्याला माल नमुन्याशी ताडून बघायची संधी मिळाली पाहिजे. वरच्या थराला चांगला दाणा आणि खाली खडे, हे कायद्यातही बसत नाही.

पण चाखण्याला न लिहिलेले नियम होते आणि ते सगळ्यांना ठाऊक होते. विकणाऱ्यानं आपल्या हातानं द्यायचं आणि घेणारीनं तळहातावर घ्यायचं. तोंडाला लागलेला हात पुन्हा ढिगात घालायचा नाही, कारण उष्टं सगळ्या मालाला लागतं. चाखून उरलेलं परत टाकायचं नाही. घ्यायचा विचारच नसेल तर या दुकानातून त्या दुकानात चाखत फिरायचं नाही. आणि सकाळी दुकानदाराची भवानी झाली नसेल, म्हणजे पहिली विक्री झाली नसेल, तर फुकटाचं काही मागायचं नाही, उधारीचं तर नावच काढायचं नाही.

शेतावरची रीत याहून मोकळी होती. गुऱ्हाळावर गेलेल्या माणसाला रस प्यायला द्यायचा, गरम गूळ खायला द्यायचा, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. हुरड्याच्या दिवसांत शेतावर आलेल्याला आगटीजवळ बसवायचं. मात्र तिथंही मर्यादा होती. बसून पोटभर खा, पण मालकानं दिल्याशिवाय बांधून नेऊ नका. ही समज फक्त आपल्याकडची नाही. ज्यू लोकांच्या हजारो वर्षांपूर्वीच्या धर्मनियमांत शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेल्यावर पोटभर द्राक्षं खायची मुभा आहे, पण टोपलीत भरायला मनाई आहे. दूरदेशीची माणसं आणि आपली माणसं एकाच निष्कर्षाला आली. भुकेला मुभा द्यावी, साठवणुकीला देऊ नये.

फसकी

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. वानगीच्या जोडीला आपल्या बाजारात आणखी एक शब्द होता, फसकी. फसकी म्हणजे मूठ, पसा. जुन्या काळी बाजारात धान्य, भाजी, मीठ, मिरची विकायला बसलं की गावचे आणि बाजारचे मानकरी प्रत्येकाच्या मालातून मूठभर उचलून घ्यायचे. तो त्यांचा हक्क मानला जाई. त्यांना कुणी 'पैसे देता का' असं विचारत नसे. ते चाखत नव्हते, वसूल करत होते. वानगीसाठी मुठीत घेतलेलं आणि फसकीसाठी मुठीत घेतलेलं दिसायला सारखंच, पण एकात विकणाऱ्याची मर्जी होती, दुसऱ्यात नव्हती.

पुढे मोठ्या बाजारपेठा वाढल्या. कापूस, धान्य, भुईमूग, गूळ गाड्या भरभरून येऊ लागला. त्या पेठांत मूठ मोठी होत गेली. इंग्रज सरकारनं १९२६ साली शेतीची चौकशी करायला एक शाही आयोग नेमला. लॉर्ड लिनलिथगो त्याचे अध्यक्ष होते. १९२८ साली त्यांचा अहवाल आला. बाजारात शेतकरी कसा नाडला जातो याची त्यात यादीच आहे. वजनकाट्यात खोट, धर्मादायाच्या नावाखाली कपात, आणि कापडाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी ठरवलेले भाव, जे मालाच्या धन्यालाच कळत नसत. त्याच यादीत नमुन्याची गोष्ट आहे. घेणारे नमुना म्हणून भरपूर माल काढून घेतात, आणि सौदा मोडला तरी तो माल शेतकऱ्याकडे परत जात नाही.

विचार करा मैत्रिणींनो. एका गाडीमागे एका व्यापाऱ्यानं चार मुठी काढल्या. असे दहा व्यापारी बघून गेले. माल कुणीच घेतला नाही. संध्याकाळी गाडी परत गावाकडे निघाली तेव्हा चाळीस मुठी कमी झालेल्या. त्या चाळीस मुठी म्हणजे कुणाच्या तरी घरच्या कितीतरी भाकरी.

हे थांबवायला कायदे करावे लागले. आपल्या वऱ्हाडात याची सुरुवात लवकर झाली. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा इथला कापसाचा बाजार १८८६ साली नियमाखाली आणला गेला. १८९७ साली वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी वेगळा कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजाराचा आणि १९३९ साली शेतमालाच्या बाजाराचा कायदा आला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३चा बाजार समित्यांचा कायदा झाला, तो आजही आपण ऐकतो. समित्यांचा कारभार कुठे कसा चालतो यावर प्रत्येकीचा अनुभव वेगळा असेल. पण उघडा लिलाव, तपासलेला काटा आणि ठरलेल्याहून जास्त कपात नाही, या गोष्टी सहज मिळालेल्या नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं.

आठवडी बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईपर्यंत मात्र हे कायदे फारसे पोचत नाहीत. तिच्या पाटीतल्या बोरांवर, शेंगांवर, गाजरांवर अजूनही फसकी चालते. कुणी मोठा माणूस चालता चालता उचलतो, कुणी ओळखीचा म्हणून, कुणी गणवेशाच्या जोरावर. दोन बोरांचे पैसे मागायला तिला संकोच वाटतो आणि घेणारा त्या संकोचावरच जगतो. दिवसभरात अशा पंचवीस माणसांनी दोन-दोन बोरं उचलली की पन्नास बोरं गेली. मग वजनाच्या वेळी तीच गिऱ्हाइकं म्हणतात, "मावशी, वर मूठभर टाका की."

शिवायचीही बंदी

चाखण्याचा इतिहास सांगताना आणखी एक गोष्ट वगळता येणार नाही. चाखून बघायची मुभा सगळ्यांना नव्हती. ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं, त्या आपल्याच बायाबापड्यांना दुकानाची पायरी चढता येत नसे. त्या रस्त्यावर उभ्या राहायच्या आणि माल वरून पदरात टाकला जायचा. पैसे खाली ठेवायचे, दुकानदार त्यावर पाणी शिंपडून उचलायचा. अशा वेळी दाणा दाताखाली धरून बघणं दूरच. जे पदरात पडेल ते निमूट घ्यायचं, किडलेलं असलं तरी. पैसे मात्र तेवढेच द्यायचे, आणि पुष्कळदा ते आधीच. हॉटेलात वेगळी कपबशी, तीही ज्याची त्यानं धुवून ठेवायची.

उष्ट्याचा नियम सगळ्यांच्या आरोग्याचा असतो तेव्हा तो चांगला. पण तोच नियम माणसावर लावला आणि माणूसच विटाळाचा ठरवला की तो क्रूर होतो. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, ते या विटाळाच्या विरोधात. पुढे २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना लागू झाली. तिच्या १५व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर दुकानं आणि हॉटेलं यांचाही नाव घेऊन उल्लेख आहे. जात, धर्म, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणालाही तिथे अडवता येणार नाही. १७व्या अनुच्छेदानं अस्पृश्यताच रद्द केली, आणि १९५५च्या कायद्यानं जातीवरून माल नाकारणं हा गुन्हा ठरवला.

म्हणून दुकानदार जेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांना सारखाच तळहातावर नमुना देतो, ती साधी गोष्ट समजू नका. त्यासाठी पुष्कळांना झगडावं लागलं आहे. आणि कुठे एकीला हातावर आणि दुसरीला लांबून असं दिसलं, तर ते बोलून दाखवायचा आपल्याला हक्क आहे.

खानावळीची वही

आता बघू एक जागा, जिथे आधी खायचं आणि मग पैसे द्यायचे हाच नियम आहे. हॉटेल आणि खानावळ. वडापावच्या गाडीवर, चहाच्या टपरीवर, जेवणाच्या हॉटेलात आपण खाऊन झाल्यावर पैसे देतो, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. विकणाऱ्यानं ते आधीच मान्य केलेलं असतं. पण या मान्यतेची किंमत किती असू शकते, ते मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांना विचारावं.

कोकणातून, घाटावरून हजारो पुरुष गिरण्यांत कामाला गेले. कुटुंब गावी, पुरुष मुंबईत. त्यांना दोन वेळा जेवू घालायच्या बायकांच्या खानावळी होत्या. एका खोलीत चूल, तिथेच घर, आणि पाळीप्रमाणे येणारे जेवणारे. कामगार महिनाभर जेवायचा आणि पगार झाला की पैसे द्यायचा. घास आणि पैसा यांच्यातलं अंतर इथे तीस दिवसांचं. ते तीस दिवस बाईला रोज तांदूळ, डाळ, तेल, रॉकेल लागणारच. ती ते वाण्याकडून उधार आणायची, सावकाराकडून भारी व्याजानं पैसे घ्यायची, अंगावरचा दागिना मोडायची. कामगाराला उधारी मिळाली ती हिच्या डोक्यावरच्या कर्जामुळे. संप झाला की कामगाराचा पगार थांबायचा, पण त्याची भूक थांबत नसे. कित्येक बायकांनी संपाच्या दिवसांतही ताट वाढणं बंद केलं नाही.

हे ओझं ज्यांनी ओळखलं, त्या प्रेमा पुरव. मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातल्या कार्यकर्त्या, पुढे मुंबईत कामगारांमध्ये काम करणाऱ्या. त्यांनी १९७५ साली या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ साली झालं होतं, पण बँकेच्या दारात अशा बाईला कोण उभं करणार? तारण नाही, हिशोबाची वही नाही. मंडळानं बायकांचे गट केले, एकमेकींची हमी घेतली आणि बँकेकडून छोटी कर्जं मिळवून दिली. आज आपण बचत गटात जे करतो त्याच्या फार जवळचं हे काम होतं. १९८२ साली गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. खानावळींचे दिवसही सरत गेले. पण एक धडा त्या बायकांनी मागे ठेवला. उधारीचा भार एकीनं गुपचूप सोसायचा नसतो, तो मोजायचा असतो आणि वाटून घ्यायचा असतो.

हात गेला, यंत्र आलं

आता मॉलकडे येऊ. वाण्याच्या दुकानात आपण बाहेर उभ्या आणि माल आत. आपण नाव सांगायचं, त्यानं काढून द्यायचं. सगळ्या जगात दुकानं अशीच होती. अमेरिकेत मेम्फिस नावाच्या शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स या माणसानं ६ सप्टेंबर १९१६ रोजी 'पिगली विगली' नावाचं वेगळं दुकान उघडलं. गिऱ्हाइकानं स्वतः आत जायचं, फळीवरचा माल स्वतः घ्यायचा आणि बाहेर पडताना एकाच ठिकाणी पैसे द्यायचे. नोकर कमी लागले, माल स्वस्त पडला, आणि ही पद्धत जगभर गेली. आपल्याकडेही सहकारी भांडारांपासून सुरुवात होऊन पुढे ही दुकानं वाढली आणि आता तालुक्याच्या गावापर्यंत आली.

या दुकानात नमुना देणारा हात उरला नाही. माल समोर उघडा, विचारायला कुणी नाही. मग प्रश्न पडला की वस्तू आपली होते केव्हा? फळीवरून उचलल्यावर की पैसे दिल्यावर? इंग्लंडमध्ये हा प्रश्न कोर्टात गेला. बूट्स कंपनीच्या औषधांच्या दुकानाबद्दलच्या खटल्यात १९५३ साली निकाल झाला. वस्तू टोपलीत टाकली म्हणजे सौदा झाला असं नाही, गल्ल्यावरच्या माणसानं ती स्वीकारल्यावर सौदा होतो. आपल्याकडे कायदा शिकवतानाही हा निकाल सांगतात. त्याचा अर्थ आपल्यासाठी सोपा आहे. गल्ल्यापर्यंत वस्तू दुकानाची. म्हणून मन बदललं तर ती परत ठेवता येते, कुणी जबरदस्ती करू शकत नाही. आणि म्हणूनच ती गल्ल्याआधी खायची नसते.

यातही दोन प्रकार आहेत. पुड्यावर छापील किंमत असते. पुडा रिकामा झाला तरी त्यावरच्या काळ्या रेघांवरून बिल होतं. सुट्या मालाचं तसं नाही. द्राक्षं, बोरं, काजू वजनावर विकले जातात. खाल्लेलं काट्यावर ठेवता येत नाही. त्यामुळे पैसे द्यायची कितीही इच्छा असली तरी खाल्लेल्या द्राक्षांचं बिल होतच नाही. सुटा माल चाखायचा असेल तर तिथल्या माणसाला हाक मारून मागावा.

पुड्यातला माल चाखता येत नाही, मग आपला बघून घेण्याचा हक्क गेला का? तो लेबलावर आला. १९७७च्या नियमांनी बंद पुड्यावर नाव, पत्ता, वजन आणि किंमत छापायला लावली. जिभेचं काम आता डोळ्यांनी करायचं. तारीख वाचा, वजन वाचा, आत काय आहे ते वाचा. वाचता येत नसेल तर बरोबरच्या मुलीकडून वाचून घ्या. त्यात लाज नाही. घरी नेल्यावर माल खराब निघाला तर पावती दाखवून परत मागा. दाद मिळाली नाही तर १९१५ या क्रमांकावर ग्राहकांसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

अडचणीची वेळ आली तर

लेकरू भुकेनं रडतंय, कुणाला साखर कमी होऊन चक्कर येतेय, घसा कोरडा पडलाय. अशा वेळी नियम धरून बसायचं नाही, पण दोन गोष्टी करायच्या. खायच्या आधी जवळच्या कामगाराला सांगायचं, "दादा, एवढं उघडते, बिलात धरा." आणि रिकामं वेष्टन जपून गल्ल्यावर द्यायचं. साखर अगदीच कमी झाली असेल तर आधी तोंडात घाला आणि मग सांगा, जीव आधी.

कुणी चोरीचा आळ घेतला तर घाबरून पळायचं नाही आणि भांडायचंही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०३व्या कलमात चोरीची व्याख्या आहे. अप्रामाणिक हेतू हा तिचा गाभा आहे. पैसे द्यायच्या इराद्यानं उघडलेला पुडा आणि पिशवीत लपवलेला पुडा सारखे नाहीत. हातातलं वेष्टन आणि आधी सांगितलेला शब्द हाच आपला पुरावा. दुकानातल्या माणसांना मारहाण करायचा किंवा बाईच्या अंगाला हात लावून झडती घ्यायचा अधिकार नाही. पोलिसांनासुद्धा बाईची झडती बाईकडूनच आणि तिची अब्रू राखूनच घ्यावी लागते. तसा प्रसंग आला तर ११२ लावा आणि बरोबरच्या बायकांना जवळ बोलवा.

आपण विकायला बसतो तेव्हा

आता आपण नुसत्या गिऱ्हाइक राहिलेल्या नाही. पापड, लोणची, चटण्या, चिवडा, लाडू घेऊन आपले गट प्रदर्शनांत आणि जत्रांत बसतात. तिथे चाखायला द्यावंच लागतं. नवीन गिऱ्हाईक चवीवर येतं. पण ते मोजून द्या. एक किलो चिवड्यातून पाच-पाच ग्रॅम दिला तर दोनशे हातांना पुरतो. चिवडा तीनशे रुपये किलो असेल तर एका हाताला दीड रुपया पडला. हा खर्च आहे, दान नव्हे. तो वहीत लिहा आणि किंमत ठरवताना धरा, म्हणजे एकीच्या वाट्यातून तो जाणार नाही.

नमुन्याचा डबा वेगळा ठेवा आणि तो झाकलेला असू द्या. चमच्यानं आपण काढून द्या, लोकांना हात घालू देऊ नका. डब्यावर 'नमुना मागून घ्या' अशी पाटी लावा. आणि एकच नियम सगळ्यांना लावा. पुढाऱ्याला वाटीभर आणि डोक्यावर भारा घेऊन आलेल्या बाईला नको, असं होऊ देऊ नका. जो नमुना मागतो त्याला हसून द्या. न विचारता जो मूठ भरतो, त्याला तेवढंच हसून सांगा, "साहेब, एवढ्याचे वीस रुपये झाले, बांधून देऊ का?" एकटीला हे म्हणणं जड जातं. गटातल्या चौघी शेजारी उभ्या असल्या की जमतं.

तर मैत्रिणींनो, एवढ्या जुन्या गोष्टी ऐकल्यावर आम्हाला जे उमगलं ते एका वाक्यात सांगतो. विचारून घेतली ती वानगी, आणि न विचारता उचलली ती फसकी. मग उचलणारा पाटील असो, व्यापारी असो, की आपण स्वतः.

या आठवड्याच्या बैठकीत एक काम करा. बाजारात बसणाऱ्या आपल्या मैत्रिणींना विचारा, दिवसाला त्यांच्या पाटीतून अंदाजे किती माल असा फुकट जातो. महिनाभर तो वहीत लिहा. बेरीज झाली की आम्हाला कळवा, पुढच्या एका कार्यक्रमात ती वाचून दाखवू. तोवर नमस्कार.